३८४ची आणेवारी

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ओळखीतली, एम.एड. करणारी मुलगी. "ताई, प्लीज हा फॉर्म भर ना. दोनच मिनिटं लागतात. तुझ्या ग्रुपवर पण टाक. ३८४ करायचेत, ३१२ झालेत. सोमवारी सरांना दाखवायचंय."

फॉर्म उघडला. विषय होता ग्रामीण माध्यमिक शिक्षकांचा डिजिटल अध्यापनाविषयीचा दृष्टिकोन. मी ग्रामीण भागात राहत नाही आणि माध्यमिक शाळेत शिकवतही नाही. तसं तिला कळवलं. उत्तर लगेच आलं : "चालतंय गं ताई, काहीतरी टिक कर. आकडा भरला की झालं."

असे फॉर्म तुम्हीही भरले असतील. बसमध्ये, लेक्चरमध्ये, झोपण्याआधी. कुणीतरी 'प्लीज' म्हणालं म्हणून, प्रश्न न वाचता, सरळ 'सहमत' या खान्यावर बोट दाबत खाली गेला असाल. मीही गेले आहे.

मला तिचा राग आला नाही. आठ वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. फक्त माझ्या हातात गूगल फॉर्म नव्हता, झेरॉक्सचे गठ्ठे होते. राग आला तो त्या शेवटच्या वाक्याचा. कारण ते वाक्य तिच्या डोक्यातून आलेलं नाही. ते तिला शिकवलं गेलंय. मलाही शिकवलं गेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या शैक्षणिक संशोधनात 'किती जणांना विचारलं' या प्रश्नाची पूजा होते, आणि 'कुणाला विचारलं, त्यांना निवडलं कसं, राहून कोण गेलं' हे प्रश्न दारातच अडवले जातात. याची किंमत संशोधक चुकवत नाही, गाईडही चुकवत नाही. ती चुकवतात शाळेच्या कडेकडेला उभी असलेली मुलं. ती आधी वर्गातून गळतात, मग कागदावरूनही गळतात. आणि कागदावर नसलेल्या मुलासाठी कुणी पैसे मंजूर करत नाही.

३८४ येतो कुठून?

१९७० साली क्रेज्सी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी चार पानांचा एक छोटा लेख छापला. त्यात एक तक्ता होता. जनसंख्या १०० असेल तर नमुना ८० घ्या, १,००० असेल तर २७८, १०,००० असेल तर ३७०, आणि १० लाख असेल तर ३८४. सूत्रसुद्धा त्यांचं नव्हतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या १९६० सालच्या पत्रिकेतून घेतलेलं होतं. त्यांनी फक्त गणित करायचा त्रास वाचवला. तक्ता इतका सोयीचा निघाला, की पन्नासहून अधिक वर्षं जगभरचे विद्यार्थी त्यात बोट ठेवून आपला आकडा शोधत आहेत.

आकडा चुकीचा नाही. १० लाखांसाठी ३८४ पुरतात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या आज्यांना ते माहीत होतं. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे याला फारसं महत्त्व नसतं. लग्नाचा भात असला म्हणून कुणी परातभर शितं दाबून बघत नाही. पण आजी शीत कुठून उचलते ते बघा. ती वरचं वरचं उचलत नाही. डाव आत घालते, तळाशी फिरवते, मग उचलते. कारण वरचा भात मोकळा आणि तळाचा करपलेला असू शकतो, हे तिला ठाऊक असतं.

त्या तक्त्यामागेही असा एक डाव आहे. तक्ता धरून चालतो की तुमच्याकडे सगळ्यांची पूर्ण यादी आहे आणि त्यातून तुम्ही चिठ्ठ्या टाकून नावं काढली आहेत. ज्यांची नावं निघाली त्या सगळ्यांनी उत्तर दिलं आहे. प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे निवडला आहे, एकाच शाळेतून गठ्ठ्यानं उचललेला नाही. आणि तुम्हाला फक्त एका 'हो-नाही' प्रश्नाचं उत्तर हवं आहे, तेही ५ टक्के इकडे किंवा ५ टक्के तिकडे झालं तरी चालेल इतपत.

शेवटची अट साधी वाटते, पण तिथेच अनेक प्रबंध आडवे होतात. ३८४ लोकांत १९२ पुरुष आणि १९२ स्त्रिया असतील आणि तुम्हाला त्यांच्यातला फरक सांगायचा असेल, तर ५ टक्क्यांची ती मुभा १० टक्क्यांवर जाते. म्हणजे 'शिक्षिकांचा दृष्टिकोन शिक्षकांपेक्षा ६ टक्क्यांनी अधिक सकारात्मक आढळला' हे वाक्य लिहायची सोय उरत नाही. तरी ते लिहिलं जातं. प्रकरण चौथे, तक्ता क्रमांक ४.७.

आणि चिठ्ठ्या? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून ३८४ भरेपर्यंत वाट पाहणं म्हणजे वरचं शीत उचलणं. ग्रुपवर असलेले, नेट असलेले, ज्यांना नाही म्हणता येत नाही असे. ते ३८४ असोत की ३८ हजार, तळाचा भात करपलाय का हे त्यांच्यावरून कळणार नाही.

याचं सगळ्यात केविलवाणं रूप लॉकडाउनमध्ये दिसलं. ऑनलाइन शिक्षण मुलांपर्यंत पोचतं का, हे विचारणारे फॉर्म तेव्हा ऑनलाइन फिरत होते. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं फोनवरून कळवायचं होतं, की माझ्याकडे फोन नाही.

माझे ४००

आता माझं. मी एम.एड.ला आठवीच्या मुलांच्या वाचन-आकलनावर लघुशोधप्रबंध लिहिला. नमुना ४००. गाईड मॅडम खूश होत्या, कारण आमच्या बॅचमध्ये तो सगळ्यात मोठा होता. शाळा पाच, प्रत्येक शाळेतून ८० मुलं. दोन शाळा मॅडमच्या ओळखीच्या, दोन माझ्या बसच्या वाटेवरच्या, आणि एक मामाचा मित्र जिथे क्लार्क होता ती. प्रकरण तिसऱ्यात मी लिहिलं : 'न्यादर्शाची निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली.' हे वाक्य मी आधीच्या वर्षीच्या प्रबंधातून उतरवलं होतं. त्या विद्यार्थ्यानं ते कुठून उतरवलं होतं, मला माहीत नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "न्यादर्श किती?" मी म्हणाले, "चारशे." सर म्हणाले, "छान." न्यादर्शावरची चर्चा तिथेच संपली.

आता तो 'छान' तपासून बघू. एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. तीच वस्ती, तेच शिक्षक, तीच लायब्ररी किंवा तिचा तोच अभाव. एका शाळेतल्या दहा मुलांना वाचायला लावल्यावर अकरावं कसं वाचेल याचा बराचसा अंदाज येतो. मग ऐंशीव्या मुलाकडून नवीन माहिती अशी फारशी मिळत नाही. संख्याशास्त्रात हे साम्य मोजायचा एक आकडा आहे. शालेय गुणांच्या बाबतीत तो ०.२ च्या आसपास असणं अजिबात नवलाचं नाही. समजा तोच धरला. लेस्ली किश यांच्या १९६५ सालच्या पुस्तकापासून सर्वेक्षणवाले जे साधं सूत्र वापरतात ते असं : एका शाळेतून घेतलेल्या मुलांतून १ वजा करा, राहिलेल्याला साम्याच्या आकड्यानं गुणा, त्यात १ मिळवा. ७९ गुणिले ०.२ म्हणजे १५.८, अधिक १, झाले १६.८. आता ४०० ला १६.८ नं भागा.

२४.

माझ्या ४०० मुलांमध्ये माहिती होती ती स्वतंत्रपणे निवडलेल्या २४ मुलांएवढी. तीसुद्धा त्या पाच शाळा चिठ्ठीनं निघाल्या असत्या तर. मामाच्या मित्राच्या शाळेचं काय करायचं याला सूत्र नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. तेवढीच ४०० मुलं, पण ८० शाळांतून प्रत्येकी ५ घेतली असती, तर भागायचा आकडा १.८ झाला असता आणि माझ्या हातात २२२ मुलांएवढी माहिती आली असती. झेरॉक्सचा खर्च तोच, पेपर तपासायचे कष्ट तेच. फक्त बसचा प्रवास वाढला असता. म्हणजे 'मुलं किती' हा पहिला प्रश्नच नव्हता. पहिला प्रश्न होता, 'शाळा किती, आणि त्या कुणी निवडल्या.' तो मला दोन वर्षांत कुणीही विचारला नाही.

साताऱ्याच्या माणसानं सांगून ठेवलेलं

हे सगळं बाहेरून आणलेलं, शहरी, इंग्रजी शहाणपण आहे असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट.

आणेवारी हा शब्द तुमच्या घरात कुणी ना कुणी वापरला असेल. गावात पीक किती आलं ते आण्यांत सांगायचं. महसूल खात्याचा माणूस बांधावर उभा राहायचा, नजर फिरवायचा आणि आकडा लिहायचा. त्या आकड्यावर सारा ठरायचा, सूट ठरायची, देशात धान्य किती आहे तेही ठरायचं. नजर तयार असेल तर अंदाज बरा यायचा. पण नजरेला ओळख असते, भीती असते, वरून काय हवंय त्याचा वास असतो.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात या नजरेला पर्याय उभा केला. वि. गो. पानसे त्यांच्यासोबत होते. गावं चिठ्ठीनं निवडायची, गावातली शेतं चिठ्ठीनं, शेतातली जागाही चिठ्ठीनं. तिथे ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. पीक कापणी प्रयोग हा शब्द आज विम्याच्या भांडणात तुम्ही ऐकता, त्याचं मूळ इथे आहे. पुढे १९५४ साली आलेलं नमुना सर्वेक्षणावरचं त्यांचं पुस्तक भारताबाहेरही अभ्यासलं गेलं.

त्या काळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की पीक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. कारण साधं आहे. चौकटीच्या कडेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि त्याचा हात बहुधा आत घेण्याकडे वळतो. चौकट जितकी लहान, तितकी कड जास्त. दोघांत यावरून मोठा वाद झाला.

मला या गोष्टीतलं एकच सूत्र शैक्षणिक संशोधकांच्या टेबलावर खिळ्यानं ठोकावंसं वाटतं. प्रत्येक तुकड्यात चूक एकाच दिशेनं होत असेल, तर तुकडे वाढवून ती चूक कमी होत नाही. एक हजार तुकडे घेतले तर तीच चूक जास्त ठामपणे सांगितली जाते.

गव्हाच्या बाबतीत हे आपल्याला ऐंशी वर्षांपूर्वी कळलं. मुलांच्या बाबतीत आपण अजून बांधावर उभे आहोत. ओळखीच्या शाळा, वाटेवरच्या शाळा, परवानगी पटकन देणाऱ्या शाळा. आणि परवानगी पटकन कोण देतं? ज्या शाळेला दाखवायला काहीतरी आहे ती. माझे ४०० म्हणजे आणेवारीच होती. फक्त तिला दशांश चिन्ह लावलं होतं.

डिसेंबरातला वर्ग

एम.एड. नंतर मी काही महिने एका सर्वेक्षणाचं काम केलं. त्यात बीड जिल्ह्यातल्या एका गावात डिसेंबरमध्ये गेले. चौथीचा वर्ग. हजेरीपटावर ३१ नावं, समोर १७ मुलं. गुरुजी भले होते. बाकीची कुठे, असं विचारल्यावर म्हणाले, "फडावर गेलीत मॅडम. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, आई-बाप जातात, मग पोरांना कुठं ठेवणार? काही हंगामी वसतिगृहात आहेत, बाकीची गेली. येतील मार्च-एप्रिलला."

आम्ही १७ मुलांना वाचायला दिलं. बरी वाचत होती. फॉर्मवर 'आज हजर' असा रकाना होता, तिथे १७ लिहिलं. 'जे नाहीत ते कुठे आहेत' असा रकाना नव्हता. १७ मुलांची सरासरी निघाली, ती तालुक्याच्या सरासरीत गेली, तालुका जिल्ह्यात मिसळला. त्या वर्गात उरलेली मुलं तीच होती ज्यांचे आई-बाप गावात राहू शकत होते. शाळा सर्वांत जास्त बुडते ती नेमकी बाहेर होती. म्हणजे मुलं फडावर गेली आणि त्यांच्या जाण्यानं वर्गाची सरासरी सुधारली.

हे एका गावापुरतं नाही. २०२१ चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झालं. देशभरातल्या १ लाख १८ हजार शाळा, ३४ लाख विद्यार्थी. त्यानंतरचं 'परख' सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी झालं. ७४ हजारांवर शाळा, २१ लाखांवर विद्यार्थी. यातल्या शाळा मामाच्या मित्राकडून येत नाहीत. त्यांची निवड रीतसर होते. पण चाचणी होते ती त्या दिवशी शाळेत असलेल्या मुलांची. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांसाठी नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा काळ. फडावरच्या मुलाला २१ लाखांतही जागा मिळत नाही, कारण तो ज्या यादीत आहे त्या यादीच्या जागी त्या दिवशी तो नाही.

'असर'ची पद्धत वेगळी आहे, ती बघण्यासारखी आहे. ते शाळेत बसून मुलं निवडत नाहीत. ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठीनं काढतात, प्रत्येक गावात २० घरं घेतात आणि घरातल्या मुलांना भेटतात. म्हणजे जिल्ह्यात ६०० घरं. शाळेत न जाणारं, खाजगी शाळेत जाणारं, त्या दिवशी दांडी मारलेलं, अशी सगळी मुलं त्यात येऊ शकतात. तरी घराला कुलूप असेल तर तिथेही मूल सापडत नाही, आणि शहरातल्या वस्त्या तर त्या सर्वेक्षणात नसतातच. पण ते नाव घेऊन सांगतात, की हे ग्रामीण भागाचं चित्र आहे. कोण आत, कोण बाहेर, हे उघड सांगितलं की वाचणाऱ्याला आकड्याची लायकी कळते.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे शिक्षणाच्या बाबतीत कधीच ओळखलं होतं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. कुरणशाळा ही कल्पना आपण बी.एड.ला पाच मार्कांसाठी पाठ करतो. संशोधनाला मात्र आपण अजून कुरणात नेलेलं नाही. ते वर्गाच्या दारात उभं राहून हजर मुलं मोजतं.

तीस विरुद्ध तीस

आकड्यांचा दुसरा ताईत म्हणजे ३०. 'प्रायोगिक गट ३०, नियंत्रित गट ३०.' आठवी अ ला नवीन पद्धतीनं शिकवायचं, आठवी ब ला नेहमीच्या. पंधरा दिवसांनी उत्तरचाचणी. निष्कर्ष : कार्यक्रम परिणामकारक आढळला. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जा, कपाट उघडा, आणि परिणामकारक नसलेला एखादा कार्यक्रम सापडतो का बघा. इतके परिणामकारक कार्यक्रम करून झाल्यावर आपली मुलं आतापर्यंत कुठल्या कुठे पोचायला हवी होती.

संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९९२ साली एक छोटा तक्ता दिला होता. मध्यम आकाराचा परिणाम पाचांपैकी चार वेळा पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. लहान परिणाम पकडायचा असेल तर ३९३. शिकवण्याच्या पद्धतीत केलेल्या बदलांचे परिणाम बहुधा लहान असतात. ३० च्या जाळ्यात ते बहुतेक वेळा सापडतच नाहीत, आणि जेव्हा सापडल्यासारखे वाटतात तेव्हा योगायोगानं फुगलेले असतात.

त्यातही खरी गोम वेगळी आहे. तिथे ६० मुलं नाहीतच. तिथे दोन तुकड्या आहेत. अ तुकडीत कोणती मुलं घालतात हे मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. वर शिकवणारी संशोधक स्वतः, पेपर काढणारी तीच, तपासणारी तीच.

हे नीट करता येत नाही असं नाही. आपल्याच मुंबईत झालंय. 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमाची पडताळणी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज काही वेळ वेगळं शिकवायची. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी मिळेल आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे ओळखीनं ठरलं नाही, चिठ्ठीनं ठरलं. ही चिठ्ठी नमुना निवडायची नव्हती, कुणाला कार्यक्रम मिळेल ते ठरवायची होती. पण तिच्यामागचं शहाणपण तेच. माणसाच्या मर्जीला बाजूला ठेवायचं. परिणाम मिळाला, मोजण्याजोगा मिळाला. आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं तो बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासकांनी लिहिलं. २००७ साली तो लेख छापला गेला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळालं. 'ओसरला' हा शब्द आपल्या लायब्ररीतल्या एका तरी प्रबंधात शोधून दाखवा.

मग तीन मुलं चालतील का?

चालतील. पियाजेनं आपल्याच तीन मुलांकडे वर्षानुवर्षं बघत बालमानसशास्त्राला हादरा दिला. ज्या विभागात पियाजेच्या अवस्था पाठ करून घेतल्या जातात, त्याच विभागात 'न्यादर्श फार लहान आहे' म्हणून एखाद्या मुलीचा विषय परत पाठवला जातो, हा विनोद मला अजून नीट हसता आलेला नाही.

पण पियाजेनं 'तीनपैकी ६६.६७ टक्के मुलांमध्ये' असं काही लिहिलं नाही. त्याचा प्रश्न 'किती मुलं असा विचार करतात' हा नव्हता. 'मूल विचार करतं तरी कसं' हा होता. त्यातही तो कुठे चुकला हे पुढच्या लोकांनी इतर मुलांकडे बघून दाखवलं. ऊसतोडीहून परतलेलं मूल एप्रिलमध्ये वर्गात बसतं तेव्हा त्याचं काय होतं, हे कळायला चार मुलांजवळ महिनाभर बसावं लागेल. तिथे ३८४ फॉर्म निरुपयोगी आहेत. उलट बीड जिल्ह्यातली किती मुलं वाचू शकत नाहीत हे सांगायचं असेल तर चार मुलांची कितीही हृदयद्रावक गोष्ट पुरणार नाही. प्रश्न आधी ठरतो, मग माणसं, मग आकडा. आपण आकड्यापासून सुरू करतो आणि प्रश्न सगळ्यात शेवटी, टायपिंगच्या आधी ठरवतो.

यावर जे उत्तर येतं ते मला तोंडपाठ आहे, कारण मीही ते दिलं आहे. वेळ नाही, पैसे नाहीत, शाळा दारात उभं करत नाहीत, एका वर्षात एक विद्यार्थिनी ८० शाळा कशा फिरणार?

एकटीनं फिरूच नये. एका कॉलेजात एम.एड.चे २० विद्यार्थी असतील तर आज २० वेगवेगळे 'दृष्टिकोन' निघतात, प्रत्येकाच्या ओळखीच्या चार शाळा. तेच २० जण मिळून एक प्रश्न घेऊ शकतात. जिल्ह्यातल्या शाळांची यादी युडायसमध्ये आहे. त्यातून ८० शाळांच्या चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकाच्या वाट्याला चार. प्रत्येक शाळेत हजेरीपटावरून, समोरच्या बाकांवरून नव्हे, पाच मुलं काढायची. नाव निघालेलं मूल त्या दिवशी नसेल तर पुन्हा जायचं, नाहीतर घरी जायचं, आणि तरीही सापडलं नाही तर का सापडलं नाही ते लिहायचं. प्रत्येकानं आपला वेगळा उपप्रश्न घेऊन वेगळा प्रबंध लिहावा, कुणाच्या पदवीला धक्का लागणार नाही. एवढ्यात त्या जिल्ह्याला कधी मिळाली नसेल अशी माहिती मिळेल. अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे.

ज्यांना हेही जमणार नाही त्यांनी निदान एक पान वाढवावं. प्रकरण तिसऱ्याच्या शेवटी, 'या अभ्यासात कोण नाही' या मथळ्याखाली. लिंक किती जणांना गेली, किती जणांनी उत्तर दिलं नाही. कोणत्या शाळेनं परवानगी नाकारली. पट किती, हजर किती. शाळा कुणाच्या ओळखीच्या. 'यादृच्छिक' हा शब्द खोटा असेल तर तो खोडून 'सोयीनं' असं लिहावं. सोयीनं निवडणं हा गुन्हा नाही. सोयीला चिठ्ठी म्हणणं हा आहे. आणि गाईडनं ते पान असलेला प्रबंध परत पाठवू नये, व्हायवाला आलेल्या सरांनी त्या पानावरून पहिला प्रश्न विचारावा.

मी माझ्या प्रबंधात ते पान लिहिलं नाही. तो प्रबंध आजही कपाटात आहे, यादृच्छिक या शब्दासकट. कुणीतरी कदाचित त्यातलं वाक्य उतरवूनही घेतलं असेल.

त्या रात्री मी तिला फॉर्म भरून दिला नाही. विचारलं, "तुझ्या जिल्ह्यात असे शिक्षक किती आहेत ज्यांच्यापर्यंत ही लिंक पोचणारच नाही?" बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं : "माहीत नाही गं ताई. पण तेच तर खरे लागणार ना माझ्या विषयाला?"

मी म्हटलं, हो. सोमवारी सरांना हेच दाखव.